हवेलीतल्या धाकट्याचे वकील

माझ्या थोरल्या साडूंनी इंग्लंड कधी पाहिले नाही, पण तिथल्या एका हवेलीची त्यांच्याइतकी काळजी तिच्या एकाही मालकाने केली नसेल. ते अबुधाबीला, मोहम्मद बिन झायद सिटीत राहत, आणि दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला असे. त्यांचा इंग्रज मॅनेजर मायदेशी परतताना त्या हवेलीच्या इतिहासाचे जाडजूड पुस्तक टाकून देणार होता. साडूंनी ते घरी आणले, आणि हवेलीचे सगळे मालक पिढीवार आमचे नातेवाईक झाले. लग्नात कोळशाची खाण घेऊन आलेली सून त्यांच्या मते पायगुणाची होती. तळे खणण्यासाठी जुनी झाडे तोडणाऱ्या नातवाला मात्र त्यांनी क्षमा केली नाही. "लावलेलं झाड तोडतो म्हणजे काय?" असे ते सुरमईचा तुकडा हातात धरून मला विचारत, जणू कुऱ्हाड मीच पुरवली होती. शेवटचा मालक निपुत्रिक वारला हे वाचले त्या रविवारी त्यांनी मासे खाल्ले नाहीत. "बाबा, दे आर नॉट अवर रिलेटिव्ह्ज," मुलगी म्हणाली. "तुझे नसतील," म्हणत साडूंनी वरणभातावर लिंबू पिळले.

त्यांचा खरा जीव अडकला होता तो तिथल्या एका धाकट्या भावात. तिकडच्या रिवाजाने सगळे थोरल्याला गेले आणि धाकट्याला फाटकाजवळची खोली मिळाली. साडू दर रविवारी त्याची बाजू मांडत. "थोरला लंडनात, घर रिकामं, आणि सख्खा भाऊ फाटकाशी राखण करतोय. ही काय माणुसकी झाली?"

एकदा पोळी वाढता वाढता त्यांची बायको शांतपणे म्हणाली, "आणि आपले भाऊजी कुठे झोपतात हो?"

साडूंनी राजापूरजवळ समुद्राकडे तोंड करून बंगला बांधला होता. तो त्यांच्या सुट्टीपुरता उघडायचा. एरवी हे भाऊजी, म्हणजे साडूंचे धाकटे भाऊ, बायकोमुलांसह कुंपणालगतच्या जुन्या खोलीत राहून त्याची राखण करत. हे आम्हा सर्वांना ठाऊक होते आणि त्यात कुणालाच काही वावगे दिसले नव्हते. आखातात नोकरीला गेलेल्या माणसाचे घर असेच असते.

साडू जेवणावरून उठले, हात धुतला आणि बाल्कनीत जाऊन भावाला फोन लावला. आत सगळे ऐकू येत होते. "कुलूप काढ... नाही रे, कोणी येत नाहीये. तूच राहायला जा... पोरांनी भिंती रंगवल्या तर रंगवल्या. खलास. वाद घालू नकोस." परत येऊन ते म्हणाले, "पोळी गार झाली."

गणपतीला जाऊन घराला दोघांची नावे लावायचे त्यांनी ठरवले होते. श्रावणात, ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्याच ते गेले.

तेराव्याला मी बंगल्यावर गेलो. ओसरीत दप्तरे पडली होती, गजांवर ओले कपडे होते. धाकट्या भावांनी मला घर दाखवले. माडीवरच्या समुद्राकडच्या खोलीत मात्र कुणाचेच सामान नव्हते.

"इथे कोणी राहत नाही?" मी विचारले.

"ही दादाची. गणपतीला येणार होता ना," ते म्हणाले. मग खिडकीशी जाऊन त्यांनी दोन्ही दारे सताड उघडली. "रोज उघडतो. बंद राहिली की कुबट वास धरते."