भाजक न सापडलेली संख्या

लिहिणं हे मोठ्या शिकलेल्यांचं काम, असं मला अजून वाटतं. मी बी.एस्सी.वरच थांबलेला माणूस. तरी गणिताविषयी लिहितोय, याबद्दल आधीच माफी मागतो.

जालन्याच्या कॉलेजात शिकायला गेलेला मी घरातला पहिलाच. दुसऱ्या वर्षाला, दिवाळीच्या सुट्टीआधी, सरांनी फळ्यावर एक दहा अंकी संख्या लिहिली. ही मूळ की संयुक्त, हे त्यांनीही तपासलं नव्हतं; जो सांगेल त्याला ते औरंगाबादच्या विद्यार्थी परिषदेला नेणार होते. तिथे विद्यापीठातले प्राध्यापक हुशार मुलं हेरून एम.एस्सी.ला मदत करत. मला दुसरी वाट नव्हती.

सुट्टीत गावी, टेंभुर्णीला, गेलो नाही. एमआयडीसीजवळ चुलतभावाच्या खोलीत बसलो. एकेका संख्येने भागत बसलो असतो तर वर्षही पुरलं नसतं. लायब्ररीतल्या पुस्तकात एक कसोटी मिळाली. संख्येहून एकने कमी इतका दोनाचा घात घ्यायचा आणि त्याला त्या संख्येने भागायचं. संख्या मूळ असेल तर बाकी एकच उरते. वर्ग करत, बाकी काढत गेलं की एवढा घातही हाताने जमतो. माझी बाकी एक आली नाही. पुन्हा सगळं केलं, तीच बाकी आली. म्हणजे संयुक्त.

भाऊ मिलमधून आला. "कशानं भाग जाते मंग?"

"ते कळत नाही, दादा. जातो एवढंच कळतं."

"वाटणी झाली म्हन्तो, अन् वाटेकरी म्हाईत न्हाई! लई शिकलास गड्या." तो हसला, मीही हसलो.

वर्गात सरांनीही तेच विचारलं. "भाजक?"

"सर, भाजक न काढताही..."

"एवढ्या गुणाकारांत चुकला असशील."

"दोनदा केलं, सर."

"मग दोनदा तीच चूक केलीस. बस खाली."

एका वकिलाच्या मुलाने हजारापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं होतं. कशानेच भाग जात नाही, म्हणून मूळ, असं तो म्हणाला. "याने निदान भागून तरी पाहिलं," म्हणत सरांनी त्यालाच नेलं. हजाराच्या पुढचं काय, हे विचारावंसं वाटलं. पण बस म्हटल्यावर मी बसलो होतो.

तो आज प्राध्यापक आहे. मी बियाण्याच्या प्लांटमध्ये सुपरवायझर. नोकरीचं दुःख नाही. सरांचं मी खरं मानलं, ते अजून टोचतं. आपलाच गुणाकार चुकला, आपल्यासारख्यांचा चुकणारच, असं धरून मी एम.एस्सी.चा अर्जही भरला नाही.

भावाची मुलगी इंजिनिअरिंगला गेली, तेव्हा तिला ती संख्या लिहून दिली. ती मला पाठच होती. आठवड्याने तिचा होस्टेलवरून फोन आला.

"काका, संयुक्त आहे. दोनच मूळ भाजक, दोन्ही पाच अंकी. हाताने भागून कधीच सापडले नसते. कुठून आणली तुम्ही ही संख्या?"