फोरमनचा मोर

माझ्या न झालेल्या सासऱ्यांइतका यंत्रातला जाणकार माणूस आख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतकं भिकार हँडलही दुसऱ्या कुणी बनवलं नाही. पहिल्या गोष्टीबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. दुसरी गोष्ट त्यांच्या तोंडावर बोलायची छाती मात्र एकट्या माझी झाली, आणि ती मला जन्माची महागात पडली. मी मूळचा संगमनेरचा. प्रवरेच्या काठच्या एका साखर कारखान्यात टाइम ऑफिसात कारकून होतो, आणि हे तिथल्या वर्कशॉपचे फोरमन. वसाहतीत आमची घरं समोरासमोर. त्यांना सगळे नुसतं फोरमन म्हणत आणि ते मला 'टायमकीपर' म्हणत. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

फोरमनच्या कानाची तर दंतकथा झाली होती. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटून उभे राहायचे आणि आत काय बिघडलंय ते वैद्यानं नाडी पाहून सांगावं तसं सांगायचे. गाळप चालू असताना ते घरी जेवायला बसले आणि कारखान्याच्या घरघरीत जरा फरक पडला, की घास ताटात टाकून अनवाणी निघायचे. एकदा तर चेअरमनची जीप रस्त्यात आडवे होऊन थांबवली, बॉनेटला कान लावला आणि म्हणाले, "सायेब, हिला पुढं नेऊ नका, ही दोन मैलांत बसनार." चेअरमन हसले आणि गेले. तासाभरानं धुळीनं माखलेले चालत परत आले. फोरमननी त्यांना पाणी दिलं, पण "मी म्हणलं नव्हतं का" असं चकार शब्दानं म्हणाले नाहीत. यंत्राचं खरं झालं, एवढ्यातच त्यांचं पोट भरायचं.

पण हे सगळं कौतुक आतल्या यंत्राचं बरं का! यंत्राचं जे टोक माणसाच्या हातात यायचं, त्याबद्दल त्यांना काडीची फिकीर नव्हती. आतला दातेरी चाकांचा संसार ते सोनाराच्या निगुतीनं मांडायचे आणि हँडल म्हणून हाताला लागेल ते ठोकून द्यायचे. त्यांच्या घरी ओसरीवरच्या दिव्याचं बटण स्वयंपाकघरात, रेडिओचं बटण कपाटाच्या आत आणि न्हाणीतला नळ उलटा फिरवला तरच पाणी. नवा पाहुणा न्हाणीतून कोरडाच बाहेर यायचा. काकू, म्हणजे त्यांची बायको, कपाळाला हात लावून म्हणायच्या, "आवो, ह्यांच्या घरात दिवा लावायचा म्हणलं तरी शिकवनी लावावी लागती." त्यावर फोरमनचं उत्तर ठरलेलं. "यंत्र चुकत न्हाई. हात चुकतो." एकदा मी त्यांची सायकल उसनी नेली. तिचे ब्रेक त्यांनी स्वतः बसवलेले होते, म्हणजे दाबल्यावर मनात आलं तरच लागणारे. मी नव्या इस्त्रीच्या कपड्यांनिशी पाटात गेलो. ओलाचिंब होऊन सायकल परत केली तेव्हा ते खालपासून वरपर्यंत बघून म्हणाले, "आदी दाबायचा, मग थांबायचं, मग लागतो. तू घाई केली आसशील." मी गप्प बसलो, कारण दारात शालन उभी होती.

शालन त्यांची एकुलती एक मुलगी. दुपारी भोंगा झाला की वडिलांचा डबा घेऊन ती वर्कशॉपकडे निघायची, आणि वाट टाइम ऑफिसच्या खिडकीवरून होती. भोंग्याची वेळ सांगायचं काम माझं. एकदा खिडकीशी थांबून म्हणाली, "भोंगा जरा दमानं वाजवत जा की. माजी भाकरी तव्यावरच आसती." दुसऱ्या दिवसापासून त्या कारखान्याचा भोंगा थोडा उशिरा होऊ लागला आणि साहेबाला पत्ता लागला नाही. एवढंच आमचं प्रेम. आजकालच्या पोरांना हसू येईल, पण तेव्हा तेवढ्यावरही माणूस रात्रभर जागा राहायचा. शालनचीही ना नव्हती, हे मला काकूंच्या चहातल्या साखरेवरून कळायला लागलं होतं.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. ऊसच नाही तर गाळप कसलं? कारखाना लवकर बंद पडला आणि वर्कशॉपच्या माणसांना कुंपणाला रंग द्यायचं काम लागलं. फोरमनच्या कानाला ती शांतता सोसेना. ते भिंतींना कान लावत हिंडू लागले, तशी काकू घाबरल्या. शेवटी त्यांनी भंगारातून पत्रे, सायकलच्या ब्रेकच्या तारा आणि एक मोडकं गजराचं घड्याळ गोळा केलं आणि खेळ बनवला. काचेचं झाकण असलेली लाकडी पेटी. आत नऊ घरं आणि आठ पत्र्याचे चौकोन, प्रत्येकावर मोराचा एक एक तुकडा रंगवलेला. एक घर रिकामं, त्यात पत्रे सरकवत सरकवत मोर जुळवायचा. पेटीला दोन हँडलं, डावं पत्रा वरखाली करणारं आणि उजवं आडवा सरकवणारं. चावी दिली की घड्याळ टिकटिक करायचं आणि तीन मिनिटांनी घंटा वाजायची. त्याच्या आत मोर जुळला तर जिंकलात.

खेळ किती सोपा म्हणून सांगू! शेजारच्या शाळामास्तरांनी एकदा काच उचलून नुसत्या बोटांनी मोर लावला, तेव्हा घंटेला इतका वेळ होता की मास्तरांनी मध्ये तपकीर ओढली. पण हँडल धरून खेळायला बसा, की संपलं. हँडल ओढलं तर पत्रा ढिम्म हलायचा नाही. पुन्हा ओढलं तर भलताच पत्रा सणकून सरकायचा. जागेवर बसलेला पिसारा परत खाली, पाय डोक्यावर, आणि वर ती टिकटिक! डोक्याला काही कामच नव्हतं हो. सगळी झटापट त्या दोन लोखंडी कांड्यांशी. इंजिनियर हरले, हिशेबनीस हरले, खुद्द मास्तरही हँडल धरल्यावर हरले. गणपतीत पेटी मांडवात ठेवली, तर पहिल्या संध्याकाळी रांग आणि दुसऱ्या संध्याकाळी शेजारी एक कुत्रं झोपलेलं. कुणीही फोरमनना खरं सांगितलं नाही. आणि ह्या भल्या माणसाचा समज काय झाला? तर खेळ फार अवघड झालाय! छाती फुगवून म्हणायचे, "लई डोकं लागतं ह्याला. वसाहतीत तेवढं डोकं न्हाई." मला मनातून हसू यायचं. हसलो, ते भोगलं पुढं.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या मामांनी सोयरिकीचा विषय काढला. देवक वेगळं, कुळी जुळत होती, घर समोरासमोर, नोकरी कायम. वडील आणि मामा संगमनेरहून आले. फोरमनच्या ओसरीवर बैठक झाली, पोहे झाले, चहा झाला, देण्याघेण्याचंही हसतखेळत झालं. आता फक्त सुपारी फोडायची राहिली होती. सुपारी फुटली की लग्न पक्कं, मग ते मोडायची कुणाची टाप नसते. अडकित्ता मामांच्या हातात होता. एवढ्यात फोरमन म्हणाले, "एक बारीक काम ऱ्हायलं," आणि आतून ती पेटी घेऊन आले! "मोर लावा जावईबापू, घंटा व्हायच्या आत. मग फोडू सुपारी."

वडिलांना वाटलं, थट्टा आहे. मला माहीत होतं, हा माणूस यंत्राची थट्टा करत नाही. बसलो. त्यांनी चावी दिली. हाताला असा घाम की हँडल सापासारखं निसटत होतं. तरी मी त्या ढिल्या कांड्यांची समजूत घालत, ओढून, थांबून, श्वास रोखून, सगळा पिसारा लावला, पाय लावले. फक्त डोकं राहिलं. एक घर उजवीकडे, बस्स. हँडल ओढलं. काही नाही. टिकटिक टिकटिक. पुन्हा ओढलं, आणि मोराचं डोकं राहिलं बाजूला, पलीकडचा पिसाराच सटकन त्या रिकाम्या घरात येऊन बसला. घंटा वाजली. आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

माझा तोल गेला. मी म्हणालो, "हँडल ढिलं आहे तुमचं. सगळी वसाहत पाठीमागं हेच बोलते."

फोरमननी पेटी उचलून बाजूला ठेवली. मग त्यांनी मामांच्या हातातली सुपारी हळूच काढून घेतली. "हारन्याचं काय न्हाई. हारला आसता तरी पोरगी दिली आसती. पन आपल्या हाताचं खापर यंत्रावर फोडनारा उद्या माज्या पोरीवर बी फोडंल." वडील ताडकन उठले. "आमचं पोर काय जत्रेतलं माकड वाटलं तुम्हाला?" म्हणाले, आणि चपला घालून चालू लागले. झालं! सगळ्यावर पाणी पडलं. आजही सांगतो, आणि मरेपर्यंत सांगेन, हँडल ढिलंच होतं.

आणि निर्लज्जपणा बघा, दुसऱ्या दिवशी हाच माणूस टाइम ऑफिसात आला आणि माझ्या टेबलावर भुईमुगाच्या शेंगा ओतून म्हणाला, "राग धरू नको, टायमकीपर. खा." त्यांच्या मनात खरोखरच काही नव्हतं. त्यांच्या मते एक तपासणी झाली होती आणि एक भाग नापास झाला होता, त्यात भागाशी वैर कशाला धरायचं? मी शेंगा खाल्ल्या. काय करणार? डबा आता काकू आणायच्या.

पाऊसपाणी झालं आणि शालनला नेवाशाकडचं स्थळ आलं. बारमाही पाण्याची विहीर, मोठा बारदाना, मुलाचा बाप तालुक्यातलं बडं प्रस्थ. बैठकीच्या दिवशी मी माझ्या ओसरीवरून बघत होतो. वाट बघत होतो म्हणा ना, की आता पेटी निघेल, आता घंटा वाजेल. पेटी निघाली नाही. एवढ्या मोठ्या माणसांपुढे ती काढायची फोरमनची छाती झाली नाही. सुपारी फुटल्याचा आवाज मला समोर ऐकू आला.

लग्न वसाहतीच्या शाळेच्या मैदानात झालं. "तू घरचाच हायेस," म्हणून फोरमननी बुंदीची बादली माझ्याच हातात दिली. मी पंगतीत नवरदेवाला आग्रह करकरून बुंदी वाढली. जेवणं झाल्यावर नवरदेवाचे वडील पान चघळत फोरमनच्या ओसरीवर टेकले. समोर पेटी. त्यांनी सहज हँडल ओढलं, पुन्हा ओढलं, आणि म्हणाले, "व्याही, ह्ये हँडल ढिलं हाय की वो तुमचं."

मास्तरांची तपकिरीची चिमूट नाकाशीच थांबली. मुलीचा बाप व्याह्याच्या शब्दाला नाही म्हणणार कसा? फोरमननी लग्नातल्या नव्या कोटाच्या खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, खाली बसले, तारेचा स्क्रू दोन आटे पिळला आणि हसून म्हणाले, "व्हय, जरासं ढिलं हुतं खरं."

दोन आटे! माझ्या आयुष्याची किंमत दोन आटे. मी रिकामी बादली घेऊन तिथंच उभा, आणि त्या माणसाची नजर नेमकी माझ्यावर पडली. "ये टायमकीपर, बस. आता लाव बघू." नको नको म्हणताना त्यांनी मला हाताला धरून बसवलं आणि चावी दिली. हँडल ओढलं की पत्रा निमूटपणे एक घर सरकायचा. त्यात काही राहिलंच नव्हतं. मोर लागला, टिकटिक चालूच होती. फोरमननी माझ्या पाठीत धपाटा घातला. "बघ! मला ठावं हुतं, डोकं हाय तुला!"

तेवढ्यात शालन निरोप घ्यायला ओसरीवर आली. हिरवा चुडा, डोळे सुजलेले. वडिलांच्या पाया पडली. उठताना तिची नजर पेटीवर गेली.

"लागला व्हय?" तिनं विचारलं.

"लागला," मी म्हणालो.

बायका तिला घेऊन गेल्या. वऱ्हाडाच्या ट्रकनं दोनदा हॉर्न दिला आणि धूळ उडवत तो पाटाच्या रस्त्याला लागला. फोरमन ओसरीच्या पायरीवर बसले आणि कोटाच्या बाहीत तोंड खुपसून लहान पोरासारखे रडायला लागले. "घर सुनं झालं रे माजं," म्हणत होते. त्या माणसाचा मला किती राग होता, काय सांगू! तरी मी शेजारी बसलो आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. आम्हा दोघांचं दुःख एकच होतं. फरक एवढाच, की त्यांना मोठ्यानं रडायची मुभा होती.