सोड्यांचे चार डबे

भाईने पाठवलेले सोडे मी जर्मनीत खाल्ले नाहीत. पहिल्या डब्यातले मूठभर शिजवले, बाकीचे सगळे टाकून दिले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच.

भाई म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही कोकणी मुसलमान, गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. पन्नासच्या दशकात तो कुवेतला गेला आणि तिथल्या बाजारात एका कापडाच्या दुकानात लागला. पुढे मी इंजिनिअरिंग शिकायला जर्मनीला गेलो. आई वर्षातून एकदा गावच्या कुणाबरोबर बोटीने भाईला सोड्यांचा, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचा, डबा पाठवायची. मी जर्मनीत असेपर्यंत तो डबा भाई पांढऱ्या कापडात शिवून पोस्टाने माझ्याकडे रवाना करी. सोबत दोन ओळींची चिठ्ठी. "बाहेरचं मटण खाऊ नकोस. सोडे-भात कर, आमसूल टाक, पोटभर जेव."

मी एका म्हातारीच्या घरात भाड्याच्या खोलीत राहत होतो. स्वयंपाकघर तिचंच, मला संध्याकाळी तासभर मोकळं मिळे. पहिला डबा आला त्या आठवड्यात मी सोडे कांद्यावर टाकले. भिजवायचे असतात हे मला माहीत नव्हतं. घरी मी चुलीजवळ कधी फिरकलोच नव्हतो. वास जिन्यावर गेला. वरच्या मजल्यावरचा माणूस खाली येऊन विचारून गेला, काही मेलंय का. म्हातारी भांडली नाही. तिने थंडीत सगळ्या खिडक्या उघडल्या, शाल पांघरून बसली आणि म्हणाली, "हे पुन्हा नको, कृपा करून." ती भांडली असती तर बरं झालं असतं. शरमेने मी पातेलं तसंच उचललं आणि अंगणातल्या कचऱ्याच्या पिंपात ओतलं. डबाही त्यात गेला. पुढचे तीन डबे मी शिवण न उसवता टाकले.

भाईला लिहिलं, "सोडे पोचले. भात अगदी आईसारखा झाला."

सुरुवातीला मी उकडलेले बटाटे, अंडी आणि काळा आंबट पाव यांवर दिवस काढले. तो पाव घशाखाली उतरत नसे. संध्याकाळी तर त्या लोकांत चूल पेटतच नाही. पाव, लोणी, थंड मांसाचे काप, काकडीचं लोणचं, झालं जेवण. गरम भातासाठी मी अंथरुणात पडून रडलोही आहे. कॉलेजच्या खानावळीत कोबीची भाजी मिळे, ती मी निर्धास्त खाई. दोन महिन्यांनी कळलं की तिच्यात डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. त्या दिवशी ओकलो. पण दुसऱ्या दिवशी भूक लागली तेव्हा त्याच रांगेत उभा राहिलो आणि तीच भाजी घेतली, जाणूनबुजून. बियरचंही तेच. जेवताना पाणी मागितलं की सोबतची मुलं हसत, म्हणून एकदा ग्लास तोंडाला लावला. नंतर कुणी हसत नव्हतं तरी लावला. ते मला आवडू लागलं होतं, हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

शिक्षण संपवून घरी परतताना भाईने मला कुवेतला बोलावून घेतलं. साठच्या दशकाची सुरुवात होती. एका खोलीत पाच जण राहत, सगळे आपल्याच किनाऱ्याचे. त्यांत रायगडकडचा एक वयस्क शिंपी होता, त्याला सगळे चाचा म्हणत. शुक्रवारी दुकान बंद, म्हणून कुणाची तरी गाडी मागून आम्ही फिंतासला समुद्रावर गेलो. तीन दगडांची चूल मांडली. भाईने पिशवीतून डबा काढला. आईचा, या वर्षीचा.

"आज ह्याच्या हातचं जेवायचं," तो म्हणाला. "चार वर्षं एकट्यानं सोडे-भात करून खाल्लाय ह्यानं. हरामाला हात लावला नाय."

चाचा म्हणाला, "खा बाबांनो, आज तरी आम्हाला मिळतायत. दरसाल हा डब्याचा नुसता वास घ्यायचा आणि कापडात शिवून टाकायचा. म्हटलं, अरे मूठभर तरी काढ. तर म्हणे, पोराला तिकडं कमी पडेल. आणि स्वतः इथली खुबूस रोटी चहात बुडवून खायचा."

"गप रे चाचा," भाई म्हणाला.

नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी कांदा परतला, तांदूळ घातले आणि सोडे डब्यातून काढून तसेच वर टाकले. धुतले नाहीत, भिजवले नाहीत. भाईने माझ्या हातांकडे पाहिलं.

आमच्यात मोठ्या एका ताटात सगळे मिळून जेवतात. पहिला घास चाचाने घेतला आणि चावायचा थांबला. सोडे लाकडासारखे, दाताखाली वाळू करकरत होती.

"काय रे, इंजिनेर झालास का दाताचा डॉक्टर?"

सगळे हसले. भाई हसला नाही. "तिकडचं पाणी वेगळं, चाचा. तिकडं असेच करत असतील," म्हणाला आणि खात राहिला. बाकीच्यांनी सोडे बाजूला काढून ठेवले होते. तेही त्याने आपल्याकडे ओढले आणि एकेक करून चावून संपवले.

नंतर पाण्यात उभं राहून आम्ही दोघं ताट घासत होतो. चाचा आणि बाकीचे लांब वाळूवर आडवे झाले होते. भाई ताटाकडेच बघत म्हणाला, "तिकडं जेवणाचे लई हाल झाले काय रे तुझे?"

आज कळतं, त्याला सगळं उमगलं होतं आणि तो मला वाट करून देत होता. मी खरं सांगितलं असतं तर तो रागावलाही नसता.

"छे, भाई," मी म्हणालो. "तुझे सोडे होते ना."

"बरं," तो म्हणाला, आणि धुतलेलं ताट पुन्हा वाळूने घासू लागला.

काही वर्षांनी तो कुवेतलाच वारला. तार आली तोवर दफन झालं होतं. त्याची कबर मी पाहिलेली नाही. आई प्रत्येकाला सांगत राहिली की थोरल्याने धाकट्याचा दीन, म्हणजे धर्म, राखला. तिच्या समोर बसून मी मान हलवत होतो.

त्या दिवशी फिंतासला भाईने मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं खरं उत्तर मी त्याला देणं लागतो.