मेणाचं पोट

देवाला फसवता येतं का, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही, कारण मी ते बिनदिक्कत करत होते. सप्टेंबरात मारियामातेचा सण आला की आमच्याकडची माणसं जत्रेला जातात. ज्याचं जे दुखतं त्याचा मेणाचा अवयव घ्यायचा आणि मातेच्या पायाशी वाहायचा, अशी रीत आहे. गुडघा धरला असेल तर पाय, मूल हवं असेल तर बाळ, घर हवं असेल तर मेणाचं घर. माझे मिस्टर दारू पीत. दारूसाठी काय वाहायचं? मी पोट वाहायचे. आमच्या नंदाखाल गावात सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं की यांना पोटाचा त्रास आहे. मातेलाही तेच सांगत राहिले.

हे भरदुपारी केळीच्या बागेत आडवे झालेले दिसले की मी शेजारणीला सांगायचे, पित्त झालंय. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला आले नाहीत, तर पोट. लेकीच्या साखरपुड्यात मांडवातच कोसळले, तेव्हासुद्धा पाहुण्यांना मी पोटाचंच कारण सांगितलं. लेक माझ्याकडे बघत राहिली. बापापेक्षा तिला माझाच राग जास्त आला होता आणि मी मात्र घराची अब्रू वाचवल्याच्या समाधानात होते. लग्नानंतर तिने माहेरी येणं जवळजवळ सोडलं. रोझरीची प्रार्थना मी रोज म्हणायचे, पण ती कुणी ऐकत असेल असं वाटेनासं झालं होतं.

अशाच एका सणाला मेणवाल्याच्या दुकानापुढे उभी होते. शेजारी केसांत अबोलीचा गजरा माळलेली एक बाई मेणबत्त्या निवडत होती. माझ्या हातातलं पोट बघून तिने विचारलं, "कोनाचं गं, बाय?"

"मिस्टरांचं."

"दुखतंय, का पितो?"

काय आगाऊ बाई आहे, असं वाटून माझं डोकं फिरलं. मी तोंड वळवलं तर ती हसायला लागली. "रागावू नको. मी पन लय वर्सं पोटच वाहिलं. आईला काय समजत नाय?"

माझे डोळे भरून आले. तिने मला बाजूला घेतलं. ती पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली होती. तिने सांगितलं की एव्हरशाईन सिटीत दर शनिवारी दारू सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग भरते आणि शेजारच्या खोलीत त्यांच्या घरच्या माणसांची. "तो नाय आला तरी तू जा," म्हणाली आणि गर्दीत मिसळून गेली. पुढे मीटिंगमध्ये मी तिला कितीदा शोधलं. ती तिथे कधीच दिसली नाही आणि तिचं नाव मी विचारलंच नव्हतं. मी त्याचा अर्थ लावत बसत नाही.

ते पोट मी मेणवाल्याला परत दिलं. रिकाम्या हातांनी मातेसमोर उभी राहिले आणि म्हटलं, हा माणूस दारू पितो, मी ते लपवते, माझ्याच्याने आता काही होत नाही.

एव्हरशाईन सिटी आमच्यापासून पार पूर्वेला, तिथे गावचं कुणी भेटणार नाही, या हिशेबाने मी गेले. दारातून आत पाऊल टाकलं तर समोर आमच्याच चर्चमध्ये बायबलचं वाचन करणारी बाई! दोघींनाही कुठे तोंड लपवावं कळेना. मग तिने शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली. तिथे उपदेश कुणीच केला नाही. जो तो आपापलं सांगत होता, आणि बऱ्याच जणांचं माझ्यासारखंच होतं. यांचं पिणं थांबवणं माझ्या हातात नाही, माझं खोटं बोलणं थांबवणं आहे, एवढं मला तिथे उमगलं.

काही दिवसांनी शेजारणीने कुंपणापलीकडून नेहमीसारखं विचारलं, "पोट कसं आहे आता यांचं?"

"पोटाला काही झालेलं नाही. दारू पितात," मी म्हटलं.

हे ओटीवर बसून ऐकत होते. त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. मग एका शनिवारी मी निघाले तेव्हा धुतलेला शर्ट घालून दारात उभे. "मी येऊ?" एवढंच म्हणाले.

दारू सुटली. खरंच सुटली. सकाळी स्थिर हाताने चहाचा कप धरलेला माणूस मी त्या वर्षी बघितला. लेक नातवाला घेऊन येऊ लागली. पण लिव्हर आधीच संपत आलं होतं. थोडं लवकर यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते यांच्याविषयी बोलत होते, पण ते वाक्य मी माझ्यावर घेतलं.

जाण्याआधी काही दिवस हॉस्पिटलमध्ये यांनी मला विचारलं, "इतकी वर्षं तू कुणाला काहीच का नाही सांगितलंस?" आवाजात राग नव्हता.

"लाज वाटायची."

"मलाही वाटायची," हे म्हणाले. "पण मी वाट बघत होतो, तू कधीतरी सांगशील म्हणून."

त्यानंतर थोड्याच दिवसांत हे गेले. मिळालेल्या चांगल्या दिवसांबद्दल मी मारियामातेचे आभार मानते. आता तिच्यापुढे जे आहे ते आहे तसं ठेवते, पुढचं तिच्यावर सोडते. फक्त यांच्या त्या वाट बघण्याबद्दल तिला काय सांगावं, ते मला अजून सुचलेलं नाही.