काकांची चौथी तार

गिटार वाजवण्यापेक्षा तिच्या तारा बिघडवण्यात जास्त वेळ घालवणारा जगात एकच माणूस असेल, आणि तो इलिनॉयमधल्या शॉमबर्ग गावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. माझी मुलगी त्यांना काका म्हणते, म्हणून आम्हीही काकाच म्हणतो. घराणं हवाई बेटांवरचं. वडिलांना इकडे नोकरी लागली तेव्हा काका चार वर्षांचे होते. त्यानंतर साठ वर्षं त्यांनी इलिनॉयचा बर्फ उपसला, तोही सपाता घालून. रोज सकाळी ते फोनवर बेटावरचं हवामान बघतात आणि तिकडे पाऊस असला की इकडच्या लख्ख उन्हात फिरायला जाणं कॅन्सल करतात. मीही आता वाद घालत नाही, छत्री आहे का एवढंच विचारतो.

गिटार त्यांना आजीने शिकवली. ती बिचारी यांच्याबरोबर इकडे आली आणि थंडीला वैतागून बेसमेंटमध्ये फर्नेसशेजारी खुर्ची टाकून बसली. त्यांच्या बेटांवर गिटारच्या तारा नेहमीपेक्षा सैल करून अशा जुळवतात की नुसता हात फिरवला तरी सूर लागतो. अंगठा खर्ज सांभाळतो, बोटं गाणं म्हणतात. ही जुळणी मात्र ज्या त्या घराचं गुपित. त्यामुळे आजी स्वयंपाकाला वर जाताना सगळ्या तारा सैल सोडून जायची, सख्ख्या नातवालाही जुळणी कळू नये म्हणून. वही नाही, प्रश्न नाही. 'बघ आणि ऐक' एवढाच अभ्यासक्रम. जुळणी कानात बसायला पोराला चार हिवाळे लागले. मग आजीने वचन घेतलं, की हे घराबाहेर जाता कामा नये.

काकांनी ते वचन जरा अतीच पाळलं. प्लंबर आला तरी आधी तारा सोडायच्या, मग दार उघडायचं. घरात एकटे असूनही बाथरूमला जाताना तारा सोडायच्या. एकदा आमच्या घरांच्या ओळीत फायर अलार्म वाजला, सगळे रस्त्यावर आले आणि काका पाच मिनिटांनी शांतपणे बाहेर आले. गिटार आतच होती, तारा सोडून ठेवलेली. "जळली असती तरी कुणाला काही कळलं नसतं," ते समाधानाने म्हणाले. रेकॉर्डिंगचं तर नावच काढायचं नाही. लग्न केलेलं नाही, मूलबाळ नाही. हे पुढे कुणाला देणार, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, घरातल्याला. घरात कोण आहे, असं विचारल्यावर म्हणाले, "तोच प्रॉब्लेम आहे."

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या मेंदूला छोटा झटका आला. हात शाबूत, बोलणं शाबूत; पुसली गेली ती नेमकी आजीची जुळणी. तारा तर नेहमीप्रमाणे सोडलेल्याच होत्या. तीन आठवडे भिंतीपलीकडून पिळणं, सोडणं, पुन्हा पिळणं चाललं होतं. ती जुळणी काकांखेरीज पृथ्वीवर कुणालाच येत नव्हती, आणि आता काकांनाही येत नव्हती. मला खरंच भरून यायचं.

माझी बायको तंबोऱ्यावर वाढलेली. अकरा वर्षं ती याच भिंतीपाशी कणीक मळत आली आहे. एका रविवारी तिने हात धुतले, डब्यात शिरा भरला आणि मला घेऊन शेजारी गेली. काकांनी सवयीने आधी तारा सोडल्या, मग दार उघडलं. ती म्हणाली, "काका, तुमची चौथी तार चुकतेय." मग खुर्चीत बसून तिने एकेक तार गाऊन दाखवली. चौथीपाशी आली आणि निषादावर थांबली. काका खुंटी पिळत त्या सुरापर्यंत आले आणि त्यांनी सगळ्या तारांवरून नुसता हात फिरवला; सूर लागला.

मग त्यांनी आजीचं एक गाणं पूर्ण वाजवलं. जुळणीची चोरी भिंतीतून झाली होती, तीही अकरा वर्षं. शेवटी त्यांनी सहाही तारा सोडल्या. झालं, वचन ते वचन, असं मी मनात म्हटलं. तेवढ्यात त्यांनी गिटार बायकोच्या मांडीवर ठेवली.

"आपली भिंत एकच आहे," ते म्हणाले. "म्हणजे घरातलंच झालं. आता तू लाव."

मी कुकर लावायला घरी आलो. भिंतीतून एकेक तार हळूहळू जागेवर येताना ऐकू येत होती. मला सुरातलं काही कळत नाही, पण मी कुकर बाजूला ठेवला आणि उभा राहिलो.