कादंबरीतल्या पोरींचा कौल

आमच्या वाचक मंडळाने मैत्रीवरची कादंबरी वाचायला घेतली आणि दोन महिन्यांच्या आत माझी एकुलती एक मैत्रीण माझ्याशी बोलेनाशी झाली.

देवबागसारख्या गावात सात बायकांचं वाचक मंडळ, अध्यक्ष मी! पुस्तकाची प्रत एकच, म्हणून प्रत्येकीला आठवडाभर पाळीने मिळायची. माझा आठवडा सहावा, आणि तेव्हा घरात पर्यटक उतरलेले. त्यांची माशांची ताटं वाढून झाली की दुपारी मी पुस्तक उघडायची. सासूबाई, म्हणजे आमच्या आये, काजू फोडत बसायच्या, म्हणून मोठ्याने वाचायची. शाळेपासून एका बाकावर वाढलेल्या दोन मुलींची गोष्ट. अर्ध्यावर त्या कडाकडा भांडल्या, बोलणं बंद झालं, आणि नेमका माझा आठवडा संपला. पुस्तक शेवटच्या पाळीला शेजारच्या रोझीकडे गेलं.

रोझी म्हणजे माझी सातवीपासूनची मैत्रीण. माझी जी गुपितं माझ्या नवऱ्याला माहीत नसतील, ती तिला तोंडपाठ!

इकडे त्या दोन मुलींच्या काळजीने आयेंचं जेवणावरून मन उडालं.

"गो शुभा, त्या चेडवांचा फुडे काय जाला?"

"पुस्तक परत आलं की सांगते, आये."

तेवढा धीर कुणाला! आये सकाळीच नारळ घेऊन देवळात गेल्या आणि गुरवाला कौल लावायला सांगितला. (देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवीकडची आधी पडली, तर देवाचा होकार. आमच्याकडे लग्नापासून नव्या होडीपर्यंत सगळं असंच ठरतं. कादंबरीचा शेवट मात्र आजवर कुणी विचारला नव्हता.)

"दोन चेडवां आसत, महाराजा. ल्हानपणापासूनची मैतरणी. आता एकमेकींचा तोंड बघणत नाय. परत बोलतीत काय?"

"घरातलीच मा?" गुरवाने विचारलं.

"घरातलीच रे," आये म्हणाल्या. पुस्तकासाठी देवाला त्रास दिला हे सांगायची त्यांना लाज वाटली!

कौल उजवा पडला. आये खूश. पण गुरवाने हिशेब मांडला: या घरातली लहानपणापासूनची मैत्रीण असलेली बाई कोण? शुभा. आणि तिची मैत्रीण? रोझी! त्याने बायकोला सांगितलं, बायकोने मासळीच्या लिलावात सांगितलं. दुपारपर्यंत रोझी माझ्या अंगणात उभी.

"सासूक देवळात धाडलंस? मी तुझ्याशी बोलणंय नाय म्हणान?"

"अगं, कुणी सांगितलं?"

"सगळ्या गावान! मगे देवाफुडे सांगितलंस ता खोटा कित्याक पाडू? आजपासून बोलूचंयच नाय!"

आणि गेली. संध्याकाळी आयेंनी माझ्याजवळ सगळं कबूल केलं. तेव्हाच धावत जाऊन रोझीला सांगायचं, तर मी फणकाऱ्याने बसून राहिले. तिने आधी यावं, मी का जाऊ?

मग सगळाच बट्ट्याबोळ! रोझी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडली. रविवारी तिने चर्चमध्ये मेणबत्ती लावली, माझ्या सद्बुद्धीसाठी! वाडीतले एक वयस्कर काका समेट करायला टेप घेऊन आले. दोन घरांत भांडण म्हणजे कुंपणाचा दगडी गडगाच सरकला असणार, ही त्यांची पक्की समजूत. त्यांनी आमचा गडगा तीनदा मोजला आणि तो माझ्याच बाजूला वीतभर सरकलेला निघाला. रोझी मात्र समोरून मान वळवून जायची, आणि मी हातातलं काम सोडून तिच्या पाठीकडे बघत राहायची.

पुस्तकावरच्या चर्चेचा दिवस उजाडला. माझ्या ओटीवर सगळ्या जमल्या. रोझीही आली, पुस्तक छातीशी धरून, सगळ्यात लांबच्या खुर्चीवर. अर्धं पुस्तक वाचलेली अध्यक्षबाई, म्हणजे मी, उठले आणि कौलावर भिस्त ठेवून त्या दोघींच्या मैत्रीवर आणि शेवटच्या समेटावर वीस मिनिटं बोलले. भाषण संपल्यावर रोझी हवेत बघत म्हणाली,

"अध्यक्षबाईंका कोणीतरी इचारा, शेवटाक पयली कोण बोलता?"

"जिची चूक असते ती!" मी ठणकावलं.

"आणि चूक कोणाची?"

आये दारातून मान वाकवून बघत होत्या.

"माझी," मी म्हणाले. "आयेंनी कौल लावला तो या पुस्तकातल्या पोरींसाठी गो! मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. तुझ्याकडे यायला हवं होतं. नाही आले. तुझ्याशिवाय मला करमत नाही, रोझी."

रोझी आधी माझ्याकडे, मग आयेंकडे बघत राहिली. मग इतकी हसली की खुर्चीवरून घसरली. डोळे पुसत येऊन तिने मला गच्च मिठी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"पण शुभा, त्यो दोघी शेवटपर्यंत बोलणतच नाय गो!"

आणि मी वीस मिनिटं त्यांच्या समेटाचं रसग्रहण केलं होतं. पाळीने पुस्तक घरी नेलेल्या दोन बायका तर रडल्याही होत्या!