सतरा नंबर निळा होता

एउलालिया बुस्तामान्तेचा राग झटकन उतरणारा नव्हता, तो मुरायचा. पालो सेकोच्या ट्रेलर वस्तीत पत्र्याची बेचाळीस घरं, आणि सगळ्यांची गळकी छपरं बुजवणारी ही एकटी साठीची बाई. न विचारता कुणी तिची शिडी नेली तर महिनाभर अबोला. मग बहिणीच्या मरणाचा सूड ती सोडते थोडीच!

बहीण रेफूहियो सतरा नंबरात राहायची. जूनमध्ये तिचा कूलर बंद पडला आणि एका दुपारी, तीन तासांत, ती घरातच उष्माघाताने गेली. जास्त तापलेल्या भागांना सावलीची झाडं आणि कूलर देण्याची नगरपालिकेची योजना होती. वस्तीचे दोन अर्ज आधीच परत आले होते. पुरून आल्यावर तिसरा अर्ज घेऊन एउलालिया स्वतः गेली.

नगरपालिकेत तापमानाचे नकाशे करणारा क्रेग पेटिबोन पस्तिशीचा, अदबीचा. त्याने बसायला खुर्ची दिली, कागदी पेल्यात पाणी दिलं. उपग्रह दर आठ दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास वरून जातो, जमीन किती तापलीय ते मोजतो, तापलेला भाग लाल दाखवतो आणि गार भाग निळा, असं नीट समजावून नकाशा छापून दिला.

"बाई, तुमची वस्ती निळी आहे. गावात सगळ्यात गार. तुमच्या बहिणीचं वयही झालं असेल ना?"

रेफूहियो चौपन्न वर्षांची होती.

तो कागद एउलालियाने फ्रिजवर लावला आणि रोज सकाळी कॉफी ओतताना त्याच्याकडे बघून दातओठ खाल्ले.

मग एका छपरावर तिची ट्यूब पेटली. तापमान बघायची एक बंदूक तिच्या पिशवीत असायची, कपाळावर धरतात तशी. चकचकीत पत्र्यावर ही बंदूक खोटं बोलते, हे छपरवाल्यांना ठाऊक असतं. पत्रा पडला आरसा, बंदुकीला त्यात वरचं थंड आभाळ दिसतं. म्हणून आधी काळी टेप चिकटवायची आणि टेपवर मोजायचं. त्या दिवशी नुसत्या पत्र्यावर अडतीस अंश आले, टेपवर एकाहत्तर. एउलालिया तिथेच बसली आणि तिने पोटभर शिव्या दिल्या. उपग्रहाला टेप कोण लावणार होतं?

तिने लावली. उपग्रहाच्या फेरीच्या आदल्या दिवशी सगळ्या वस्तीला जुंपून बेचाळीस छपरांवर टेपच्या जागी चिखलाचा पातळ हात फिरवला. शेजारची चेलो कुरकुरली, "ताई, आभाळातून कोण येणारेय बघायला?"

"ज्याने आधी नीट बघितलं नाही तो."

तीन आठवड्यांनी पेटिबोन तणतणत आला. गावातला सगळ्यात निळा तुकडा एका फेरीत गडद लाल झाला होता. वाळका चिखल पाहून तो म्हणाला, ही शुद्ध फसवणूक आहे, चिखलानेच छप्पर तापलं. एउलालियाने सतरा नंबरच्या छपराचा एक कोपरा पुसून लख्ख केला, त्यावर टेप लावली, आणि थोडा वेळ थांबून बंदूक त्याच्या हातात दिली. पत्र्यावर एकोणचाळीस. टेपवर बहात्तर. त्याने चार वेळा मोजलं.

"आता आत बसा," ती म्हणाली. "निळं आहे ना? दार उघडंच असतं, हवं तेव्हा बाहेर या. माझी बहीण तीन तास होती."

नाही म्हणायची त्याला लाज वाटली. तो आत गेला. तिने दार लोटलं, बाहेर खुर्ची टाकली आणि पाण्याचा जग मांडीवर घेऊन बसली. तिला दया आली नाही. उलट आतून खोकल्याचा आवाज आला तेव्हा तिला बरं वाटलं.

अकराव्या मिनिटाला तो बाहेर आला. शर्ट अंगाला चिकटला होता, ओठ पांढरे पडले होते. त्याची नजर पाण्याच्या जगावर होती. एउलालिया हलली नाही.

"लाल आहे," तो म्हणाला. "सतरा नंबर लाल आहे. माझा नकाशा चुकला."

"कुणाचं घर?"

"रेफूहियो बुस्तामान्तेचं."

तेव्हा कुठे तिने कागदी पेला काढला, काठोकाठ भरला आणि अगदी अदबीने त्याच्यासमोर धरला.

"घ्या साहेब. तुमचं वयही झालं असेल ना?"